चार भोकांचा माग

नॉर्वेमधील ओसेबर्ग येथे १९०४ साली एका टेकाडाखालून अख्खे जहाज उकरून काढण्यात आले. इ.स. ८३४ मध्ये दोन स्त्रियांचे दफन करताना ते त्यांच्यासोबत पुरले होते. जहाजात कोरीव गाडा होता, बर्फावरच्या घसरगाड्या होत्या, स्वयंपाकाची भांडी होती आणि विणकामाचे सामानही होते. त्या सामानात लाकडाच्या ५२ पातळ चौकोनी चकत्या सापडल्या. चकत्यांच्या भोकांत धागे अजून ओवलेले होते आणि त्यांवरचा पट्टा अर्धाच विणून झाला होता.

पत्त्यांच्या कॅटातही ५२ पाने असतात. हा निव्वळ योगायोग आहे, पण आपल्या सोयीचा. ओसेबर्गच्या लाकडी चकत्यांचे काम जुने पत्ते कापून तेवढेच चोख होते. त्यासाठी हातमाग लागत नाही की फणी. खिडकीचा गज, कमरेचा पट्टा, सुती दोरा आणि बारा पत्ते एवढ्यावर नक्षीदार पट्टा विणता येतो. तो कसा विणायचा आणि जुन्या पट्ट्यांकडे विणणाऱ्याच्या नजरेने कसे पाहायचे, ते या लेखात पाहू.

आधी तत्त्व समजून घ्या

साध्या मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, वर-खाली होतात आणि मधल्या फटीतून आडवा धागा, म्हणजे बाणा, जातो. पत्त्यांच्या विणकामात वर-खाली करण्याचे काम पत्ता करतो. प्रत्येक पत्त्याला चार कोपऱ्यांत चार भोके आणि प्रत्येक भोकात एक धागा. पत्ता कोपऱ्यावर उभा न ठेवता कडेवर उभा धरला की दोन धागे वर राहतात, दोन खाली आणि मध्ये फट पडते. फटीतून बाणा घालायचा, पत्ते पाव फेरी फिरवायचे, पुन्हा बाणा घालायचा. दर पाव फेरीला एक धागा खालून वर येतो आणि एक वरून खाली जातो.

असे फिरत राहिल्याने एका पत्त्याचे चार धागे एकमेकांभोवती पिळले जातात आणि त्यांची बारीक दोरी होते. बारा पत्ते म्हणजे शेजारी-शेजारी बारा दोऱ्या. प्रत्येक पिळातून आरपार गेलेला बाणा त्यांना एकत्र धरतो. बाणा जवळजवळ दिसतच नाही, फक्त दोन्ही कडांना त्याचे वळण दिसते. पैठणीच्या पदरावरची नक्षी बाण्याच्या रंगांतून घडते. इथे उलट आहे, सगळी नक्षी ताण्याची. म्हणून विणायला बसण्याआधीच, धागे ओवताना नक्षीचा बराचसा निर्णय झालेला असतो.

ते निर्णय तीन: कोणत्या भोकात कोणता रंग, धागा पत्त्याच्या कोणत्या बाजूने आत शिरतो आणि पत्ता कोणत्या दिशेने फिरतो. ही तीन उत्तरे पक्की असली की सोप्यातल्या सोप्या पट्ट्यापासून राजाच्या अंगावरल्या पट्ट्यापर्यंतचा मार्ग मोकळा होतो.

सामान

पहिल्या पट्ट्यासाठी क्रोशाचा घट्ट पिळाचा सुती दोरा घ्या. लोकर मऊ आणि लवदार असते. शेजारचे धागे एकमेकांना चिकटतात आणि फट स्वच्छ पडत नाही, म्हणून नवशिक्याने ती टाळावी. रेशीम निसरडे असते, तेही नंतर. दोन रंग असे निवडा की लांबूनही वेगळे ओळखू येतील. लाल आणि पांढरा ही जोडी उत्तम, फक्त लाल दोऱ्याचा तुकडा आधी ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. रंग सुटत असेल तर तो दोरा बाजूला ठेवा.

आपल्या पट्ट्याला लाल धागे ३२ आणि पांढरे १६ लागतील, प्रत्येकी अडीच मीटर. म्हणजे लाल दोरा ८० मीटर, पांढरा ४० मीटर, शिवाय बाण्यासाठी लाल २० मीटर. एवढ्या ताण्यातून पट्टा साधारण दीड ते पावणेदोन मीटरच हाती येतो. काही लांबी पिळात जाते आणि शेवटचा हातभर ताणा विणता येत नाही, कारण तिथे पत्ते फिरवायला जागा उरत नाही. रुंदी दोऱ्याच्या जाडीप्रमाणे दीड-दोन सेंटीमीटर भरेल.

याखेरीज कात्री, कागदाला भोके पाडायचे पंच, न पुसणारे मार्कर पेन, रबर बँड, फूटपट्टी आणि बाणा गुंडाळायला जाड पुठ्ठ्याचा तुकडा. पुठ्ठ्याला दोन्ही टोकांना खाच पाडली की झाला धोटा.

पत्ते तयार करणे

प्लॅस्टिकचा लेप असलेले पत्ते घ्या, ते लवकर फाटत नाहीत. प्रत्येक पत्ता साडेपाच सेंटीमीटरचा चौकोन होईल असा कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरे शेजारच्या धाग्यांत अडकतात. दोन्ही कडांपासून साधारण एक सेंटीमीटर आत, चारही कोपऱ्यांत भोके पाडा. एक पत्ता नमुना म्हणून बनवून त्यावरूनच बाकीचे आखा, म्हणजे भोके एका रेषेत येतील. ती एका रेषेत नसली तर फट अर्धवट उघडते.

आता पत्त्याच्या एका बाजूला भोकांची नावे लिहा. डावीकडे वर क, डावीकडे खाली ख, उजवीकडे खाली ग, उजवीकडे वर घ. बाराही पत्त्यांवर हाच क्रम. वरच्या कडेला मध्यभागी १ ते १२ असे आकडेही टाका.

धागे ओवणे

विणताना तुम्ही ताण्याच्या एका टोकाला बसता. दुसरे टोक समोर दूर बांधलेले असते. पत्ते मध्ये उभे असतात आणि त्यांची अक्षरे लिहिलेली बाजू तुमच्या उजव्या हाताकडे असते. असे धरले की क आणि ख तुमच्या जवळ येतात, ग आणि घ पलीकडे जातात. ओवतानाही पत्ता असाच धरा.

रंगांची मांडणी अशी:

पत्ते १, २, ११, १२: चारही भोकांत लाल. ही पट्ट्याची कड.
पत्ते ३ आणि १०: क, ख लाल, ग, घ पांढरा.
पत्ते ४ आणि ९: ख, ग लाल, घ, क पांढरा.
पत्ते ५ आणि ८: ग, घ लाल, क, ख पांढरा.
पत्ते ६ आणि ७: घ, क लाल, ख, ग पांढरा.

आता ओवण्याची बाजू. पत्ते १ ते ६ मध्ये समोरून येणारा धागा पत्त्याच्या डाव्या बाजूने भोकात शिरून उजव्या बाजूने तुमच्याकडे यावा. पत्ते ७ ते १२ मध्ये याच्या उलट, उजवीकडून शिरून डावीकडे. एका पत्त्याचे चारही धागे एकाच बाजूने शिरले पाहिजेत. एक जरी उलटा गेला तर तो पत्ता फिरणारच नाही.

ही बाजू पाळणे महत्त्वाचे आहे, कारण पिळाचा कल तिच्यावर ठरतो. डावा अर्धा भाग एका बाजूला कललेला आणि उजवा दुसऱ्या बाजूला, त्यामुळे नक्षीची तिरपी रेघ पिळाच्या कलाबरोबर धावते आणि गुळगुळीत दिसते. कल आणि रेघ विरुद्ध असतील तर रेघेला करवतीसारखे दाते पडतात. दुसरा फायदा असा की दोन्ही अर्ध्या भागांचे पीळ एकमेकांना तोलतात. सगळे पत्ते एकाच बाजूने ओवले तर सुटल्यावर पट्टा स्वतःच गुंडाळल्यासारखा वळतो.

एकेक पत्ता ओवून झाला की त्याचे चार धागे सारखे करून टोकाला गाठ मारा आणि पत्ता क्रमाने गठ्ठ्यात ठेवा. बारा पूर्ण झाले की गठ्ठ्याला रबर बँड लावा. विणताना मध्ये उठायचे असेल तेव्हाही हा रबर बँड आठवणीने लावा. पत्ते विस्कटले तर पुन्हा क्रम लावण्यापेक्षा नव्याने ओवणे सोपे जाते.

ताण आणि विणकाम

दूरचे टोक खिडकीच्या गजाला किंवा पलंगाच्या पायाला बांधा. जवळचे टोक कमरेच्या पट्ट्यात अडकवा आणि जमिनीवर बसा. मागे रेलले की ताण वाढतो, पुढे झुकले की सैल पडतो. पत्ते फिरवताना थोडे सैल सोडायचे, बाणा ठोकताना ताणायचे. पाठ दुखत असेल तर दोन्ही टोके टेबलाच्या कडांना शिकंज्याने बांधली तरी चालते.

सुरुवातीला सगळ्या पत्त्यांचे क आणि घ वर आहेत ना, ते पाहा. मग:

१. सगळे पत्ते एकत्र धरून वरची कड तुमच्यापासून दूर जाईल अशी पाव फेरी पुढे फिरवा.
२. पत्ते पुढे-मागे हलके सरकवून फट मोकळी करा.
३. बाण्याचे टोक डावीकडून उजवीकडे घाला. पहिल्या फेरीत चार बोटे टोक बाहेर सोडा.
४. पुन्हा पाव फेरी पुढे. नव्या फटीत फूटपट्टी घालून आधीचा बाणा तुमच्याकडे घट्ट ठोका.
५. बाणा परत उजवीकडून डावीकडे घाला. आधीच्या फेरीचे कडेचे वळण आता ओढून बसवा.

असे आठ वेळा पुढे फिरवा (पत्त्यांची पाव फेरी आणि तिचा बाणा मिळून यापुढे एक फेरी मोजू). हळूहळू मध्याकडे चढत जाणाऱ्या बाणाच्या खुणा दिसू लागतील, दर चार फेऱ्यांना एक. पहिली पाच-सहा सेंटीमीटर वेडीवाकडी येतात, ती शेवटी कापून टाकायची असतात. त्यांवर वेळ घालवू नका.

आठ फेऱ्या पुढे झाल्या की आठ मागे, म्हणजे वरची कड तुमच्याकडे येईल अशा. बाण उलटे होतात. एका वळणावर मध्ये फुली पडते, पुढच्या वळणावर शंकरपाळ्याची आकृती. आठ पुढे, आठ मागे हा क्रम चालू ठेवला की फुली आणि शंकरपाळी आलटून पालटून येत राहतात.

मागे फिरण्याचे आणखी एक कारण आहे. पत्ते एकाच दिशेने फिरवत राहिलो की पत्त्यांच्या पलीकडेही, न विणलेल्या ताण्यात, उलटा पीळ साठत जातो. काही वेळाने तो इतका घट्ट होतो की पत्ते पुढे सरकत नाहीत. मागे फिरले की तो सुटतो. नक्षीसाठी एकाच दिशेने विणायचे असेल तर अधूनमधून दूरची गाठ सोडून पीळ उलगडावा लागतो.

पट्टा हवा तेवढा झाला की दोन्ही टोकांना धाग्यांच्या गाठी मारा किंवा वेण्या घाला. कोमट पाण्यात धुवून, ओलसर असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करा. पिशवीचा बंद, कुर्त्याची कड, ओळखपत्राची पट्टी, तंबोऱ्याच्या गवसणीचा बंद, कशालाही हा पट्टा टिकतो. चार धाग्यांच्या पिळामुळे तो साध्या नाडीपेक्षा जाड आणि मजबूत असतो.

बिघडले तर

पट्ट्याची रुंदी कमी-जास्त होत असेल तर बाणा ओढण्यात फरक पडतो आहे. दर वेळी पत्ते एकमेकांना चिकटून उभे राहतील एवढेच ओढा.

नक्षीत एकच ठिपका चुकीच्या जागी दिसत असेल तर एक पत्ता बाकीच्यांपेक्षा पाव फेरी पुढे किंवा मागे गेला आहे. वरच्या कडेला क, ख, ग, घ पाहून तो ओळखा. फेऱ्या उलट्या फिरवत, बाणा काढत चुकलेल्या जागेपर्यंत या आणि तिथून पुन्हा सुरू करा. नुसता पत्ता जागेवर फिरवून पुढे गेलात तर आधीची चूक पट्ट्यात तशीच राहते.

दिशा बदलताना त्या ओळीत धागे किंचित लांब दिसतात. ती चूक नाही. फिरण्याची दिशा बदलली की वरचा धागा एक फेरी जास्त पृष्ठभागावर राहतो. जुन्या पट्ट्यांवरही अशा ओळी असतात आणि विणणारा कुठे मागे फिरला ते त्यांवरूनच कळते.

जुने पट्टे वाचायला शिका

हात बसला की संग्रहालयांतली छायाचित्रे वेगळी दिसू लागतात. ऑस्ट्रियातील हॉलस्टाट येथील मिठाच्या खाणींत इ.स.पू. ८०० ते ४०० या काळातील कापडाचे तुकडे मिठामुळे टिकले. त्यांत पत्त्यांवर विणलेले लोकरीचे अरुंद पट्टे आहेत, त्यांवर त्रिकोण, शंकरपाळी आणि नागमोडी वळणे. जर्मनीत स्टुटगार्टजवळ होखडोर्फ येथे १९७८-७९ मध्ये एका केल्ट सरदाराची इ.स.पू. सहाव्या शतकातील कबर उघडली गेली. तिथल्या धातूच्या वस्तूंना चिकटून वस्त्रे टिकली आणि त्यांतही असे पट्टे होते. या पट्ट्यांत काही ठिकाणी सगळे पत्ते एकत्र फिरत नाहीत. एकाच ओळीत काही पुढे जातात, काही मागे. आपण सर्व पत्ते आठ फेऱ्यांनी उलटवतो, ते एकेक पत्ता हवा तिथे उलटवत होते. पण तत्त्व हेच.

हे पट्टे निव्वळ शोभेचे नव्हते. युरोपातील उभ्या मागावर ताण्याचे धागे खाली वजने बांधून लोंबते ठेवत. अशा मागावर कापड सुरू करताना आधी पत्त्यांवर एक पट्टा विणत आणि त्याचा बाणा प्रत्येक फेरीला लांब ओढून बाहेर काढत. त्याच लांब धाग्यांचा पुढे कापडाचा ताणा होई. म्हणजे पट्टा ही कापडाची मजबूत सुरुवात होती. नक्षी त्या मजबुतीवर चढवलेली आहे.

स्वीडनमधील बिर्का या व्यापारी वसाहतीत याल्मार स्टोल्पे यांनी एकोणिसाव्या शतकात शेकडो कबरी उकरल्या. तिथल्या रेशमी पट्ट्यांवर चांदीची जर दिसते. ती जर म्हणजे नेहमीच्या बाण्याखेरीज घातलेला दुसरा बाणा. तो ठराविक ठिकाणी पृष्ठभागावर पसरतो आणि ठराविक ठिकाणी ताण्याखाली जातो. आग्नेस गैयर यांनी १९३८ मध्ये या वस्त्रांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. आज बिर्काचे नमुने विणणारे त्याचाच आधार घेतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. प्रत्येक जुना नक्षीदार पट्टा पत्त्यांचा नसतो. लिव्हरपूलच्या संग्रहालयात इजिप्तच्या रामसेस तिसरा याच्या नावाने ओळखला जाणारा ५.२ मीटर लांबीचा कमरपट्टा आहे. आर्नोल्ड व्हान गेनेप आणि गुस्ताव्ह जेकिए यांनी १९१६ मध्ये तो पत्त्यांवर विणला असल्याचे मांडले आणि ते बराच काळ मान्य होते. पुढे विणकरांनी तसाच पट्टा पत्त्यांशिवाय, मागावर विणता येतो हे करून दाखवले. खरी खूण पिळाची. चार धाग्यांच्या दोऱ्या शेजारी-शेजारी आणि त्यांच्या पिळात आरपार बाणा, हे दिसले तरच पत्त्यांचा विचार करा. नक्षीवरून अंदाज बांधू नका.

पुढची पायरी

पहिला पट्टा झाला की दुसरा ताणा असा ओवा: बाराही पत्त्यांत क, ख लाल आणि ग, घ पांढरा. आता दोन फेऱ्या पुढे, दोन मागे असे विणा. पट्ट्याची वरची बाजू पूर्ण लाल आणि खालची पूर्ण पांढरी होईल. दोन फेऱ्या जास्त पुढे नेऊन तोच क्रम धरला की रंग उलटतात. ठराविक पत्तेच उलटवले तर लाल जमिनीवर पांढऱ्या आकृत्या उमटतात आणि त्यांतून अक्षरेही काढता येतात.

ब्रह्मदेशात बौद्ध धर्मग्रंथांच्या पोथ्या वस्त्रात गुंडाळून ज्या लांब पट्ट्यांनी बांधत, ते पत्त्यांवर याच दुरंगी पद्धतीने विणलेले असत. पोथी देणाऱ्यांची नावे, त्यांनी केलेल्या दानांचा उल्लेख आणि पुण्याची प्रार्थना बर्मी लिपीतील अक्षरांत विणलेली असे. त्यांना साझिग्यो म्हणतात आणि ब्रिटिश संग्रहालयात त्यांचे नमुने आहेत. आपल्याकडेही पोथ्या बासनात बांधून ठेवतात. घरात अशी पोथी असेल तर तिच्यासाठी देवनागरीत दात्याचे किंवा लिहिणाऱ्याचे नाव विणलेला बंद करून पाहा. देवनागरीची शिरोरेखा पट्ट्याच्या लांबीबरोबर धावते, त्यामुळे एक-दोन पत्ते सलग पांढरे ठेवले की ती आपोआप तयार होते. मात्रा आणि जोडाक्षरांसाठी आधी चौकटीच्या कागदावर आखून घ्या. एक पत्ता म्हणजे एक ओळ आणि दोन फेऱ्या म्हणजे एक चौकट धरा. अक्षरांना जागा हवी म्हणून पत्ते वीसच्या पुढे घ्या.

पण थेट साझिग्यो किंवा बिर्काकडे उडी मारू नका. आधी बारा पत्त्यांचा लाल-पांढरा पट्टा दोन वेळा विणा. पहिल्यांदा सांगितलेल्या क्रमाने, दुसऱ्यांदा आठऐवजी चार, बारा, सोळा फेऱ्यांनी दिशा बदलून. कोणत्या बदलाने काय झाले ते वहीत टिपून ठेवा. ओवणे, ओवण्याची बाजू आणि फिरवण्याची दिशा या तीन गोष्टींचा परिणाम हाताला कळला की पुस्तकातल्या आकृत्या वाचायला कुणी शिकवावे लागत नाही. घरातला जुना कॅट काढा आणि कापायला घ्या.